चित्रकलेचा वर्ग, नऊ महिन्यांनंतर : घोड्याच्या पोटातले गवत

माझी सात वर्षांची मुलगी नऊ महिन्यांपासून चित्रकलेच्या वर्गाला जाते. गेल्या आठवड्यात तिने घरी आणलेल्या घोड्याचे मागचे पाय इतके बेतशीर होते की ते तिच्या हातचे नाहीत हे कुणीही ओळखले असते. तिचा मूळ घोडा चारही पाय एका रेषेत रोवून उभा होता आणि त्याच्या पोटात खाल्लेले गवत दिसत होते. बाईंनी ते गवत खोडले, पाय सुधारले आणि वर शेडिंगही करून दिले. "फिनिशिंग केलं बाईंनी," एवढेच सांगून मुलगी चित्र टेबलावर टाकून निघून गेली. एरवी चित्र भिंतीवर लागेपर्यंत ती कुणाला स्वस्थ बसू देत नाही.

कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांनुसार साधारण सात ते नऊ वर्षांचे मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढते, महत्त्वाची वाटणारी गोष्ट मोठी काढते आणि जे दिसते त्याच्या जोडीला जे माहीत आहे तेही दाखवते. म्हणजे पोटातले गवत ही चूक नव्हती, ते तिचे घोड्याविषयीचे ज्ञान होते. ते खोडून घेण्यासाठी मी शुल्क भरत होतो, हे मला अजूनही बोचते.

जाब विचारायला गेलो, तेव्हा बाईंनी माझीच तक्रार मला ऐकवली. तिसऱ्या महिन्यात "एवढे पैसे भरूनही माणसे काड्यांचीच कशी?" असे मीच विचारले होते. चारचौघांत दाखवण्याजोगे चित्र पालकांनाच हवे असते, म्हणून शेवटचा हात त्या स्वतः फिरवतात. यावर मला फारसे बोलता आले नाही.

वर्ग बंद करायचा, असे रागाच्या भरात ठरवले होते. पण तिची जुनी चित्रे काढून बसलो आणि तो विचार मागे पडला. जलरंगात ओल्या रंगाला लागून दुसरा रंग दिला की दोन्ही एकमेकांत शिरतात, आणि कितीही घाई असली तरी कागद वाळेपर्यंत थांबावे लागते. सुरुवातीला असे झाले की ती कागद चुरगळून नवा मागत असे (आणि तो कागद स्वस्त नसतो). सहाव्या महिन्यातल्या एका चित्रात आकाशाचा निळा पिवळ्या शेतात उतरला आहे आणि त्या हिरव्या डागाचे तिने झुडूप केले आहे. ते तिला कुणी सुचवलेले नव्हते.

चित्रकलेमुळे गणितात गुण वाढतात, हा वर्गाचा दावा मात्र मी सोडून दिला आहे. एलेन विनर आणि लोइस हेटलँड या संशोधकांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दृश्यकलेचा शालेय गुणांशी असा कार्यकारणसंबंध त्यांना आढळला नव्हता. ते झुडूप मला पुरेसे आहे.

आता बाई काय दाखवायचे ते वेगळ्या कागदावर दाखवतात आणि मुलीच्या चित्राला हात लावत नाहीत. त्यामुळे कागदाचा खर्च जवळपास दुप्पट झाला, म्हणून रेखाटनापुरते पाठकोरे कागद दप्तरात घालून देतो. पुढच्या तिमाहीचे शुल्क भरले आहे. परवा पुन्हा घोडा आला, आणि या वेळी पोटात गवताबरोबर गाजरही आहे.