रोमेनियातून कुत्रा आणताय? आधी हे वाचा, आमचे ७९५ पौंड गेले

"एवढी शिकलेली माणसं आणि फसली कशी" हे माहेरून, सासरून आणि ऑफिसातून ऐकून झालंय, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.

हिशोब आधी देते. ८० पौंड डिपॉझिट, ३४० अडॉप्शन फी, ६५ ब्रुसेलाच्या (कुत्र्यांचा एक संसर्गजन्य आजार) टेस्टचे आणि ३१० "गाडी कॅलेला (फ्रान्सचं बंदर) अडकली" म्हणून. झाले ७९५. क्रेट, डबल हार्नेस आणि बेडचे ११८ वेगळे, त्या वस्तू निदान घरात तरी आहेत. कुत्रा नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगी सहा वर्षांची. इथल्या शेल्टरमध्ये विचारलं तर कुणाला आठ वर्षांखालचं मूल चालत नाही, कुणाला दोघांची नोकरी चालत नाही, एकीने तर कुंपण सहा फुटाचं नाही म्हणून फॉर्मच परत पाठवला. आई सांगलीहून रोज म्हणायची, अगं आपल्या दारात पाच पडलेली असतात, त्यातलं एक घेऊन जा की. पण भारतातून आणायचं तर रेबीजची लस, मग तीस दिवसांनी रक्ताची टेस्ट, त्यानंतर तीन महिने थांबा, आणि विमानात कार्गोने पाठवा. रोमेनियातून लस दिल्यावर २१ दिवसांत निघता येतं. आमच्या पार्कात सकाळी भेटणारी निम्मी कुत्री रोमेनियन आहेत, मग आपणही आणूया असं वाटलं तर त्यात काय चुकलं?

आणि तिथली परिस्थिती खोटी नाही हो, हाच तर घोळ आहे. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू, त्याच्या काळात घरं पाडून लोकांना ब्लॉकमध्ये हलवलं आणि कुत्री रस्त्यावर राहिली. २०१३ साली बुखारेस्टमध्ये चार वर्षांचा मुलगा कुत्र्यांच्या हल्ल्यात गेला, त्यानंतर कायदा झाला की पकडलेलं कुत्रं १४ कामाच्या दिवसांत कुणी नेलं नाही तर मारायला परवानगी. खरोखर राबणारी माणसं तिथे खूप आहेत. ह्या चोरांना त्यामुळे गोष्ट रचावीच लागत नाही, "तिची मुदत शुक्रवारी संपतेय" एवढं लिहिलं की काम झालं. घाई करायला लावणारं कुणीही असो, तिथेच थांबा.

रोमेनियातली कुत्री सोडवून आणतो म्हणणाऱ्या एका पेजवर फोटो होता. बिस्किटी रंग, एक कान उभा, एक दुमडलेला, मागे गंजलेली जाळी आणि निळी बादली. मुलीने बघितल्या बघितल्या नाव ठेवलं, खारी. झालं, मग कोण मागे फिरणार.

आम्ही आधी फोस्टर (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणारे) म्हणून अर्ज केला होता. त्यावर पेज चालवणाऱ्या बाईंचं (इंग्लिश बोलणाऱ्या, आवाज अगदी मायाळू) म्हणणं की फोस्टरच्या जागा संपल्या, गाडीत जागा फक्त कन्फर्म अडॉप्टरला, तर ८० भरून नाव लावा. इथे नोंद घ्या, खऱ्या फोस्टरिंगमध्ये सहसा औषधपाण्याचा खर्चसुद्धा संस्था करते. फोस्टर व्हायला गेलेल्याला गिऱ्हाईक बनवलं की समजा.

मग होम चेक. व्हॉट्सॲप व्हिडिओवर सगळं घर दाखवायला लावलं, बागेचं फाटक कसं बंद होतं, कुत्रा झोपणार कुठे, पगार किती ते नाही विचारलं पण "तुम्हाला परवडेल ना" हे दोनदा विचारलं. आधीच्या घरमालकाचा रेफरन्स, व्हेटचा (जनावरांच्या डॉक्टरचा) रेफरन्स. अक्षरशः कांदेपोह्याच्या कार्यक्रमात बसल्यासारखं झालं होतं, नवऱ्याने बाग झाडून घेतली, मी सोफ्यावरचे कपडे आत कोंबले. आपण पसंत पडतोय की नाही ह्याच टेन्शनमध्ये होतो आम्ही. समोरच्याला प्रश्न विचारायची वेळ आलीच नाही, म्हणजे येऊच दिली नाही त्यांनी. चार पानी फॉर्म, बारा प्रश्न, कोण म्हणेल की हे चोर आहेत? चोर इतकी मेहनत घेतात हे मला माहीत नव्हतं.

आणि आता तो पासपोर्टचा फोटो, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. बाईंनी खारीचा निळा पासपोर्ट पाठवला. चिप (कातडीखाली बसवतात ती, ओळख नंबराची) बसवल्याची तारीख १९ मार्च. रेबीजची लस १२ मार्च. नियम साधा आहे, चिप आधी किंवा त्याच दिवशी, लस नंतर, नाहीतर लस कुठल्या कुत्र्याला दिली ह्याला पुरावा काय? हा नियम मी आदल्याच रात्री वाचला होता. तारखा दिसल्या, खटकल्या, मी विचारलंसुद्धा! उत्तर आलं की आमचे व्हॉलंटियर अठरा अठरा तास राबतात, लिहिताना चूक झाली असेल, तुमचा विश्वास नसेल तर लिस्टवर दुसरी फॅमिली आहे, त्यांना कळवते. आणि मी काय केलं? मी सॉरी म्हटलं. हार्टचा इमोजी टाकून सॉरी म्हटलं आणि उरलेले ३४० त्याच संध्याकाळी भरले. खातं संस्थेच्या नावाचं नव्हतं, कुणातरी बाईच्या नावाचं, तेही विचारलं तर "चॅरिटी नंबर पेंडिंग आहे". आता वर्षाला पाच हजार पौंडांच्या आत उत्पन्न असेल तर इथे नोंदणी सक्तीची नाहीच, त्यामुळे तेही पटलं. चिपचा नंबर तेव्हा मोजला नाही. ६४२ ने सुरू होत होता, रोमेनियाचा कोड, बरोबर वाटलं. नंतर मोजला तर चौदा आकडे. चिपला पंधरा असतात.

६५ पौंड ब्रुसेला टेस्टचे ही मागणी तर मला उलट चांगली वाटली. इथे ब्रुसेला कॅनिसच्या बहुतेक केसेस रोमेनियाहून आलेल्या कुत्र्यांशी जोडलेल्या निघाल्यात, माणसालाही होऊ शकतो, कुत्र्याचा आजार पूर्ण बरा होईल ह्याची खात्री नाही, आणि घरात लहान मूल. मेसेज आला "निगेटिव्ह". नुसता मेसेज! लॅबचा रिपोर्ट, त्यावर चिप नंबर, असं असेल तरच ती टेस्ट.

मग ३१०. गाडी कॅलेला दोन दिवस अडकली, टेपवर्मचं (पोटातल्या जंताचं) औषध इंग्लंडमध्ये शिरण्याच्या आधी २४ ते १२० तासांत दिलेलं असावं लागतं, ती मुदत उलटली, आता केनेलमध्ये (कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये) ठेवून परत औषध द्यावं लागेल. मी सरकारी साइटवर जाऊन बघितलं तर नियम तंतोतंत खरा. चोवीस ते एकशेवीस तास. म्हणून भरले, पेमेंट ॲपवर, "फ्रेंड्स अँड फॅमिली" निवडून, कारण "नाहीतर कमिशन कापलं जातं आणि ते पैसे कुत्र्यांचे असतात". हे निवडलं की कसलंही प्रोटेक्शन मिळत नाही. कधीही, कुणालाही, कितीही रडला तरी निवडू नका.

दोन दिवसांनी आणखी ४८० मागितले, क्वारंटाइनचं "रिफंडेबल डिपॉझिट". तेव्हा नवऱ्याने तो फोटो इमेज सर्चला टाकला (हे पहिल्या दिवशी का नाही केलं असं मी त्याला विचारलं, त्याने मला विचारलं, तो विषय घरात बंद आहे). फोटो तिथल्या एका खऱ्या शेल्टरचा निघाला. त्यांना लिहिलं, त्यांनी तासाभरात उत्तर दिलं की ही कुत्री आधीच्याच वर्षी जर्मनीत गेली, मजेत आहे, आणि तुमच्यासारखे विचारणारे तुम्ही पहिले नाही.

ह्या सगळ्या प्रकारात वेळेवर आणि सरळ उत्तर देणारे तेवढेच. पोलिसांना फोन केला तर ऑनलाइन भरा. ऑनलाइन भरलं तर रेफरन्स नंबर आला आणि काही आठवड्यांनी पत्र, की तपासाला पुरेसे धागे नाहीत. अहो नाव आहे, खातं नंबर आहे, फोन नंबर आहे, आवाज आहे, अजून कुठला धागा पाहिजे, आम्हीच पकडून आणून द्यायचं का? कौन्सिल (इथली नगरपालिका) म्हणते ह्या पेजवाल्यांचा पत्ता आमच्या हद्दीत नाही, त्या हद्दीतली कौन्सिल म्हणते हा पत्ता पार्सलच्या दुकानाचा आहे. चॅरिटींवर देखरेख करणाऱ्या सरकारी ऑफिसचं म्हणणं की ही नोंदलेली चॅरिटी नाही त्यामुळे आमच्या अखत्यारीत येत नाही, म्हणजे खोटी आहे म्हणून तक्रार करायची तर खोटी आहे म्हणूनच घेता येत नाही! स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून रेस्क्यूला (प्राणी सोडवून दत्तक देणाऱ्या संस्थेला) लायसन्स लागतं, इंग्लंडमध्ये तेही नाही, कुणीही उठावं आणि पेज काढावं. पेज रिपोर्ट केलं तर नियमभंग आढळला नाही असं उत्तर, तेही मिनिटभरात.

बँकेची तर तऱ्हाच वेगळी. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून ट्रान्सफर करून घेतलेले पैसे बँकेने परत करायचे, ८५,००० पौंडांपर्यंत. मी खूश, निदान ४२० तरी येतील. पण ह्या लोकांनी मधून मधून एखाद्याला खरंच कुत्रा पोचवलेला आहे, त्यांचे हसरे फोटो पेजवर आहेत, म्हणून बँकेच्या मते ही फसवणूक नाही, हा "सिव्हिल डिस्प्यूट", म्हणजे दोघांमधला खासगी वाद. तास तासभर ते म्युझिक ऐकून हे उत्तर. ३१० आणि ६५ तर ॲपवरून गेले, ते त्या नियमात बसतच नाहीत.

अजून एक, जे आम्हाला फार उशिरा कळलं. रेस्क्यूचा कुत्रा दुसऱ्याच्या घरी द्यायला आणला की तो कमर्शियल इम्पोर्ट धरतात, फी कितीही असो. नुसता पासपोर्ट पुरत नाही, तिथल्या सरकारी व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं, आयपॅफ्स नावाच्या सरकारी आयात-नोंदीच्या सिस्टीममध्ये आधी नोंद लागते, आणि गाडीवाल्याकडे आठ तासांवरच्या प्रवासाचं टाइप २ ऑथरायझेशन, म्हणजे परवाना. खऱ्या संस्थेला त्या नोंदीचा नोटिफिकेशन नंबर मागितला की देते. आमच्या बाईंना मागितला तेव्हा त्यांनी मला ब्लॉक केलं.

तुमचे पैसे असेच गेले असतील तर चॅटचे स्क्रीनशॉट आजच काढा, ब्लॉक झाल्यावर पेजवरचं काही दिसत नाही. बँक "सिव्हिल डिस्प्यूट" म्हणाली तर फोनवर ऐकून गप्प बसू नका, लेखी "फायनल रिस्पॉन्स" मागा, आणि ते पत्र आल्यापासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारी संस्था) जा, फी नाही. आम्ही तिथे फक्त ४२० चीच केस टाकली आहे, अजून उत्तर नाही. त्याच पेजकडून फसलेलं आणखी कुणी असेल तर मला लिहा, दोन तक्रारींवर तोच खातं नंबर दिसला तर बँकेला "डिस्प्यूट" म्हणणं अवघड जाईल.