टाईल्सखाली काय गाडलंय, ते बसवण्याआधी मोजून घ्या

नवीन घरात फरशी गरम ठेवणारी सिस्टीम, म्हणजे अंडरफ्लोअर हीटिंग, बसवायचा विचार असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. आमचे सव्वा लाख रुपये गेले, आणि ज्याने घेतले तो नाशिकमध्ये अजून कामं करतोय.

मखमलाबाद रोडला आमचं घर आहे, खाली पार्किंग, वर राहतं घर. सासूबाईंना संधिवात. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हा आमच्याकडेही पहाटे टाईल्सवर पाय टेकवत नाही. खाली मोकळं पार्किंग असल्यानं फरशी आणखीच गार. म्हणून निदान त्यांच्या खोलीपुरतं हे करायचं ठरलं.

खोली साधारण १५० चौरस फूट, म्हणजे जवळपास १४ चौरस मीटर. कोटेशनमध्ये सगळं लिहून दिलं होतं: चौरस मीटरला १५० वॅटची हीटिंग मॅट, तिच्याखाली एक्सपीएसचा इन्सुलेशन बोर्ड (ऊब खाली स्लॅबमध्ये जाऊ न देणारा कडक फोमचा थर), फरशीतला सेन्सर, थर्मोस्टॅट, वीस वर्षांची वॉरंटी. बोर्डाचा आणि मॅटचा नमुना हातात दिला. “वहिनी, दोन पंख्यांएवढी वीज लागेल,” हे त्याचं वाक्य. प्रत्यक्षात १४ गुणिले १५० म्हणजे २१०० वॅट. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद करतो हे धरलं, तरी चालू असेल तेव्हा तासाला दोन युनिट जातात. महावितरणचं बिल जसे युनिट वाढतील तसं वरच्या दराच्या टप्प्यात जातं, ते वेगळंच.

कामाच्या दिवशी केमिकल सुकायचंय म्हणून त्याने खोली बंद ठेवायला लावली. टाईल्स दुसऱ्या दिवशी बसणार होत्या, त्या त्याच्याच माणसांनी त्याच संध्याकाळी बसवून टाकल्या.

डिसेंबरात सिस्टीम सुरू केली. तीन-तीन तास चालवूनही फरशी जेमतेम कोमट. मग एकदा ह्यांनी पार्किंगमध्ये स्टुलावर चढून छताला हात लावला, तर स्लॅब चांगला उबदार! आईंच्या पायांसाठी घेतलेली ऊब खाली गाड्यांना मिळत होती.

आमचे नेहमीचे वायरमन पंचवटीतून आले. त्यांनी वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. २१०० वॅटला नऊ अँपिअरच्या आसपास करंट हवा, मीटर चार दाखवत होता. म्हणजे ज्याचे पैसे दिले त्याच्या निम्मंही नाही. थर्मोस्टॅट उघडला, तर सेन्सरची दोन्ही टर्मिनल रिकामी, सेटिंग खोलीतल्या हवेवर. कोपऱ्यातली एक टाईल उचलली, तर खाली बोर्ड नाहीच. स्लॅबवर थेट केबल, वर केमिकल. “ताई, ह्याला आरसीसीबीसुद्धा नाही,” ते म्हणाले, तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर करंट लीक झाल्याबरोबर वीज तोडतो. ह्या खोलीलाच बाथरूम आहे, आई ओल्या पायांनी त्याच फरशीवर येतात. पैशांचं एक वेळ सोडून देईन, हे नाही सोडणार.

वॉरंटी कार्डावर सीरियल नंबरची जागा कोरी आहे. खऱ्या मॅटच्या वायरवर वॅट, ओहम आणि सीरियल नंबर छापलेलं लेबल असतं. आमच्या वायरचं लेबल कापून टाकलेलं निघालं.

टाईल्स बसण्याआधी साध्या मल्टिमीटरने हे पाच मिनिटांत पकडता येतं. २३० व्होल्टला २१०० वॅटच्या मॅटचा रेझिस्टन्स २५ ओहमच्या जवळ यायला हवा, पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालतं. आमचा ५७ आला. मॅट आणल्यावर, अंथरल्यावर आणि टाईल्स बसल्यावर असं तीनदा मोजायला लावा, आकडे कार्डावर सहीनिशी लिहून घ्या. मेगरने, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते दाखवणाऱ्या मीटरने, वायरचं इन्सुलेशनही तपासून घ्या. लेबलाचा आणि अंथरलेल्या बोर्डाचा फोटो तुमच्याच फोनवर काढा. टाईल्सवाला तुमचा ठेवा, आणि हे आकडे हातात पडेपर्यंत मोठी रक्कम देऊ नका.

फोन केला की तो म्हणतो, टाईल उचललीत, वॉरंटी संपली. आम्ही १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतोय. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. कोटेशन, बँकेतून पैसे दिल्याच्या नोंदी आणि मीटरचे फोटो जोडलेत. त्या खोलीची लाईन मेन बोर्डातूनच काढून ठेवली आहे.