दीड मीटरची अर्थ केबल आणि मान खाली घातलेले रोहित : वेल्डिंग मशीनचा अकरा महिन्यांचा अनुभव

हे मशीन घेऊन येत्या गणपतीत एक वर्ष होईल, आणि वॉरंटीचे जेमतेम दोन महिने उरले असताना त्याने दगा दिला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. 200 अँपिअर, सिंगल फेज, आयजीबीटी, हॉट स्टार्ट हे सगळे खोक्यावर छापलेले असते, त्यात शिरत नाही. मी फॅब्रिकेटर नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षे ड्राफ्ट्समन होतो, आणि निवृत्तीनंतर मित्राच्या गाळ्याचा एक कोपरा घेऊन भंगारातून शिल्पे जोडतो. ग्रिल आणि गेट करणाऱ्यांनी माझे मत त्या हिशेबाने वाचावे.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. कमी करंटवर या मशीनचा आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, इतका स्थिर राहतो, की गाळ्यातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वेल्डिंग मशीनवर हात बसलेल्या माझ्या मित्रालाही नवल वाटले. माझे निम्मे काम पातळ पत्र्याचे आणि सायकलच्या चेनचे असते. पक्ष्याची मान करायची तर चेन आधी रात्रभर डिझेलमध्ये बुडवून, पुसून, वाळवून घ्यावी लागते, नाहीतर आतले तेल जळून टाक्यात भोके राहतात. मग जाड पत्र्यावर खडूने मानेचे वळण काढायचे, त्यावर चेन मांडायची, ती सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना जुनी बेअरिंग टेकवायची आणि एकाआड एक कडीला टाका मारायचा. 2 मिमीचा रॉड, 50 अँपिअर, जेमतेम दीड सेकंद. त्याहून जास्त थांबलात तर कडी वितळून मण्यासारखी गोळा होते, कमी थांबलात तर उचलताना मान पुन्हा लोंबते. बेअरिंगऐवजी लोहचुंबक लावून पाहिले होते, पण डीसी आर्क चुंबकाजवळ भरकटतो, हे मी दोन माना वाया घालवून शिकलो.

ड्यूटी सायकलची चिंता मला कधीच पडली नाही. कंपनी 60 टक्के म्हणते, म्हणजे पूर्ण करंटवर दहा मिनिटांतली सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. माझे प्रमाण दोन सेकंद टाका आणि वीस मिनिटे लांब उभे राहून बघणे, असे आहे.

आता केबलबद्दल. रॉड धरणाऱ्या होल्डरची केबल 1.8 मीटर, जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, लावायची अर्थची 1.5 मीटर, आणि प्लगची वायर दोन मीटर. घेताना मी याकडे लक्ष दिले नाही, कारण दुकानदाराने सगळे गुंडाळून खोक्यात दाखवले होते. गाळ्यातला 16 अँपिअरचा प्लग भिंतीला, म्हणून मशीन भिंतीलगत स्टुलावर, म्हणून टेबलही तिथेच. होल्डरची केबल ताठ असल्यामुळे तिच्यातला अर्धा मीटर वळणातच जातो, आणि हात खांद्याच्या वर नेला की तिचे सगळे ओझे मनगटावर येऊन रॉडचे टोक थरथरते.

याचा परिणाम काय झाला, ते मला फार उशिरा कळले. सुरुवातीचे तीन महिने मला काय करावे हेच सुचत नव्हते. नट जोडून मुंग्या केल्या, पान्यांचा एक विंचू केला, आणि ते कुणीही करतो, असे वाटून सोडून दिले. जानेवारीत ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रातून बोटीने ठाण्याच्या खाडीत गेलो आणि ओहोटीला चिखलात उभे असलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, जवळून पाहिले. आपण ज्याला त्यांचा उलटा गुडघा समजतो, तो खरे तर घोटा असतो, आणि गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे समजल्यावर ड्राफ्ट्समनची झोप उडाली. आल्या आल्या 8 मिमी सळईचे पाय वाकवायला घेतले, आणि मे महिन्यापर्यंत पाच पक्षी उभे केले.

पाचही पक्ष्यांच्या माना खाली. विचारणाऱ्यांना मी समजावून सांगत असे, की रोहित चोच उलटी करून पाण्यातले शेवाळ गाळून खातो, तेव्हा हीच त्याची स्वाभाविक मुद्रा. एके दिवशी बायको डबा घेऊन गाळ्यावर आली आणि म्हणाली, ‘‘अहो, यातला एकही वर का बघत नाही?’’ उत्तर द्यायला मी हात वर केला, हातात होल्डर होता, आणि केबल ताणली जाऊन स्टूल हलले. त्या क्षणी मला उत्तर मिळाले. खाडीत मी मान उंचावलेले शेकडो पक्षी पाहिले होते. वहीत त्यांची रेखाटनेही आहेत. ते लोखंडात उतरले नाहीत, कारण तिथवर माझा होल्डर पोचत नव्हता.

लोखंडाची शिल्पे करणारे स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ हे रेनॉच्या मोटारींच्या कारखान्यात वेल्डिंग शिकले आणि 1928 पासून त्यांनी पिकासोला लोखंड जोडायला मदत केली. अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ यांनी 1962 मध्ये इटलीतल्या व्होल्त्रीच्या बंद कारखान्यात तीस दिवसांत 27 शिल्पे केली. आपल्या मुंबईत शिल्पकार पिलू पोचखानवाला यांनी भंगाराच्या लोखंडातून मोठी कामे उभी केली. यांच्यापैकी कुणावरही मशीनच्या स्टुलाभोवती बांधलेल्या बकरीसारखे फिरण्याची वेळ आली नसावी.

इथपर्यंत ही केवळ कुरकुर होती. जुलैमध्ये आर्क तुटू लागला. पावसाने रॉड दमट झाले असतील, असे समजून नवे पाकीट आणले, पैसे गेले. मग ओव्हरहीटचा पिवळा दिवा लागू लागला, तोही माझ्या दोन सेकंदांच्या टाक्यांवर, आणि चौथ्या दिवशी एमसीबी पडली. मशीन घेऊन तुर्भ्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने झाकण उघडले. आत उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवर आणि बोर्डवर ग्राइंडिंगची काळी भुकटी काजळासारखी बसली होती आणि पंखा अडकला होता. ‘‘काका, हे वॉरंटीत येत नाही. ग्राइंडर मशीनपासून लांब चालवायचा, पुस्तिकेत लिहिलंय.’’

पुस्तिकेत लिहिले आहे, हे खरे. मी शांतपणे विचारले, की दीड मीटरच्या अर्थ केबलने जॉबला बांधलेले मशीन जॉबवर चालणाऱ्या ग्राइंडरपासून लांब कसे ठेवायचे? त्याने साहेबांना फोन लावला. साहेबांनी बोर्डचे 3,200 रुपये सांगितले. मी मशीन पिशवीत घालून परत आणले. वागळे इस्टेटमधल्या एका दुरुस्तीवाल्याने आतून हवा मारून, दोन आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक भाग) आणि पंखा बदलून ते 1,450 रुपयांत चालू करून दिले.

हे लिहायला घेतले तेव्हा मी एकच तारा देणार होतो. पण दरम्यान मी 25 चौरस मिमीची तांब्याची केबल आणून दोन्ही बाजू पाच-पाच मीटरच्या करून घेतल्या, आणि मशीन आता फळीच्या आडोशाला, ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून दूर असते. केबलला तीन हजारांच्या वर गेले, जे मला अजून पचलेले नाही. मात्र आर्क पूर्वीइतकाच शांत आहे, आणि सहाव्या रोहिताची मान सव्वा मीटरवर, वर बघत उभी आहे. म्हणून तीन तारे द्यायचे ठरवले होते.

काल जुन्या केबल आमच्या नेहमीच्या भंगारवाल्याकडे नेल्या. मी तांब्याचा भाव मागितला. त्याने काही न बोलता दोन तारा सोलल्या, कानशीने घासल्या आणि माझ्यासमोर धरल्या. वरून तांब्याचा मुलामा, आत पांढरे अ‍ॅल्युमिनियम. अडीच तारे.