विद्यापीठाच्या गेटासमोरचं झेरॉक्सचं दुकान : पाचपैकी चार तारे

दुकानाचं नाव देत नाही. एक तर पाटीवरचं अर्धं नाव पावसानं नेलंय, आणि दुसरं म्हणजे नाव दिलं तर पीएच.डी.च्या अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात मलाच तिथं उभं राहायला जागा मिळणार नाही. विद्यापीठाच्या मोठ्या गेटासमोर रस्ता ओलांडला की ओळीनं सहा-सात झेरॉक्सवाले आहेत. त्यातलं रसवंतीच्या शेजारचं, दोन पायऱ्या चढून जायचं, ते हे. आत दोन कॉम्प्युटर, एक जुनं झेरॉक्स मशीन, स्पायरलचं मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल. त्या स्टुलावर बहुतेक वेळा कुणाच्या तरी फायली बसलेल्या असतात.

मी बीड जिल्ह्यातली. तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की राम राम. सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा, होऊन अकरा वर्षं झाली. पीएच.डी. करते म्हटल्यावर घरी पहिला प्रश्न आला तो हा, की २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला पीएच.डी. सक्तीची नाही, सेट किंवा नेट (तीच परीक्षा देशपातळीवरची) चालतं, मग हा उपद्व्याप कशाला? उत्तर द्यायचं टाळलं आणि एसटीत बसले.

पेनड्राइव्हमध्ये सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, होता. आमच्या गावात एका ठिकाणी टाइप करून घेतलेला, तेरा पानं, छापील प्रत बघितली तर अगदी देखणी. पण विद्यापीठाच्या ऑनलाइन अर्जात शीर्षक चौकटीत टाकायचं असतं. दुकानातल्या टायपिंगच्या ताईंनी माझं शीर्षक कॉपी केलं, चौकटीत पेस्ट केलं, आणि तिथं इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, टक्के, कंस अशी खिचडी उमटली. मला वाटलं पेनड्राइव्ह खराब झाला. ताई म्हणाल्या, "मॅडम, हे जुन्या फाँटमधलं आहे. तुम्हाला मराठी दिसतंय, कॉम्प्युटरला नाही."

एवढ्या एका वाक्यात मला जे कळलं ते कुणी वर्षभरात सांगितलं नव्हतं. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. त्यामुळे प्रिंट उत्तम येते, पण शोध घेता येत नाही आणि दुसरीकडे नेलं की सगळं विस्कटतं. अर्जाच्या चौकटीला युनिकोडच लागतं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणून कळणारी अक्षरं. पुढं प्रबंध झाल्यावर तो गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातो. तिथं तो कुणाला शोधून सापडायचा असेल तर तो पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच हवा. एम.ए. झालेल्या बाईला हे टायपिंगच्या खुर्चीवरून कळावं, याची लाज वाटायची ती वाटलीच.

ताईंनी संदर्भसूची आणि पूर्वसंशोधनाच्या आढाव्याची सहा पानं कन्व्हर्टरमधून काढून दिली. कन्व्हर्टरनं जोडाक्षरं बरी सांभाळली, पण 'ऱ्य'वर हात टेकले. 'शेतकऱ्यांच्या'चं 'शेतकर्यांच्या' झालं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. मी म्हटलं राहू द्या, कळतंय. त्या थांबल्या नाहीत. शिफ्ट धरून जे, मग डी, मग पुढचं अक्षर, असं एकेक करत चौदा ठिकाणी दुरुस्त केलं. हे मराठीच्या विभागात जाणार आहे म्हणाल्या, तिथं असलं बघतात. खरंच बघतात.

आता शीर्षकाची गोष्ट. माझं मूळ शीर्षक होतं 'मराठवाड्यातील जात्यावरील ओव्यांचा चिकित्सक अभ्यास'. ताईंनी ते टाइप करता करता मान न वळवता सांगितलं, "चिकित्सक अभ्यास आज आठवा. ओव्या तिसऱ्या." मग विचारलं, "तुमचं वेगळं काय आहे त्यात?"

मला राग आला. टायपिंगला आलेय, मुलाखतीला नाही. पण उत्तरही देता येईना. कारण गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या आहेत, त्यांतल्या कितीतरी आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतात. त्यापुढे मी तीन तालुक्यांतून दोनशे ओव्या गोळा करून काय दाखवणार होते? मग स्टुलावरच्या फायली मांडीवर घेऊन बसले आणि बोलता बोलता निघालं की मला खरा रस दुसऱ्याच गाण्यांत आहे. आमच्या गल्लीतली निम्मी घरं दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि फडावर ती फेडत राहायची. बाया मोळ्या बांधताना, रात्री-अपरात्री गाडी भरताना जे म्हणतात त्यात जात्यावरचीच चाल असते, पण आत मुकादम येतो, वजनकाटा येतो, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर येतो. शेजारच्या काकू एकदा भांडी घासताना गुणगुणत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "हे घरचं न्हाई, फडातलं हाय. फडातलं घरी म्हनत न्हाईत." घरचं गाणं वेगळं, फडातलं वेगळं, ही विभागणी त्यांची.

"मग हेच लिहा की," ताई म्हणाल्या. आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.

मी परत गावी गेले. चार दिवसांत फुलस्केपवर हातानं नवा आराखडा लिहिला. आधीचा लिहायला तीन महिने लागले होते.

इथं शेजारच्या दुकानाबद्दल लिहायलाच हवं. तिथं बाहेर पाटी नाही, पण रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सात हजारांत तयार सिनॉप्सिस मिळतो, विषय तुम्ही द्या किंवा त्यांचा घ्या. मीही चौकशी केली, खोटं कशाला बोलू. त्यांनी नमुना दाखवला. पहिलंच वाक्य : 'साहित्य हा समाजाचा आरसा असतो.' गृहीतकं पाच, पाचही आधीच सिद्ध झाल्यासारखी. चौकशी करून इकडे आले तर काका म्हणाले (काका म्हणजे मालक, गल्ल्यावर बसतात), "आम्ही लिहून देत नाही. लिहिलेलं टाइप करतो." एवढंच. उपदेश नाही. २०१८ पासून वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम आहेत, साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की विचारणा होते, हे मी स्वतःच स्वतःला सांगून घेतलं. पण खरं सांगायचं तर मला त्या आरशानंच वाचवलं.

काकांचा खरा कस कागदपत्रांत आहे. माझ्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, आधार सासरच्या नावाचं. मी लग्नाचा दाखला आणला होता. त्यांनी नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रतही जोडायला लावली. नॉन-क्रिमिलेअरसाठी (आरक्षणाला लागणारा, उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) गावात मला नवऱ्याच्या उत्पन्नाचे कागद काढायला लावले होते. काका म्हणाले, "बाईच्या नॉन-क्रिमिलेअरला माहेरचं उत्पन्न बघतात, सासरचं नाही." म्हणजे तहसीलचे दोन हेलपाटे फुकट आणि तिसरा वडिलांना सोबत घेऊन. वडील पंचाहत्तरीचे. रांगेत मला म्हणाले, "लग्न लावून दिलं तरी तुझे कागद माझ्याकडंच की गं."

गाइडच्या, म्हणजे पीएच.डी.च्या मार्गदर्शकांच्या, रिकाम्या जागांची यादी काकांनी भिंतीला चिकटवलीय. त्यातली आकडेमोड त्यांना तोंडपाठ : प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी, त्याहून जास्त नाही. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी नाही. अशा नावांपुढे पेन्सिलनं बारीक फुली आहे. मात्र कोणते सर चांगले, कोणत्या मॅडम फोन उचलत नाहीत, हे विचारलंत तर काका मशीनमध्ये कागद भरायला उठतात. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा रिम संपलेली होती.

माझ्यामागे एक पोरगा होता, परभणीकडचा. नेट दिलेली, पण तिसऱ्या गटात बसलेला, म्हणजे फक्त पीएच.डी. प्रवेशापुरता पात्र. त्याला वाटत होतं सेटसारखंच हेही कायमचं. काकांनी निकालाची तारीख बघितली आणि सांगितलं की या गटाचे गुण एकच वर्ष चालतात, नेटचे ७० आणि मुलाखतीचे ३० असं धरून यादी लागते, तुझ्याकडे दोन महिने उरलेत. पोरगा तिथल्या तिथं फॉर्म भरायला बसला. मी माझा टोकन नंबर त्याला दिला आणि रसवंतीत जाऊन बसले. मला सेटमुळे प्रवेश परीक्षेतून सूट होती, घाई नव्हती.

बिल : नव्या आराखड्याचं टायपिंग अकरा पानं, तीस रुपयांप्रमाणे ३३०. कन्व्हर्ट केलेली सहा पानं ६०. ऑनलाइन अर्ज भरून देणं १५०. बेचाळीस पानांचे तीन संच झेरॉक्स, २५२. स्पायरल तीन, १२०. एकूण ९१२, घेतले ९००. पावती देत नाहीत, मागितली तर मागच्या कागदावर लिहून देतात.

एक तारा कापला तो यासाठी. त्यांच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप म्हणजे एसटी स्टँड आहे. 'मॅडम फायनल', 'मॅडम फायनल न्यू', 'सर आधार', 'पाटील सिनॉप्सिस २' अशा शे-दीडशे फायली उघड्यावर पडलेल्या. दुसऱ्या खेपेला माझं आधार कार्ड तिसऱ्याच माणसाच्या अर्जाशेजारी उघडं दिसलं. आणि माझा आराखडा कुणीही माऊसच्या दोन टिचक्यांत उघडून वाचू शकला असता. शेजारी सात हजारांचं दुकान असताना हे मला चालण्यासारखं नाही. मी समोर उभं राहून माझ्या सगळ्या फायली पुसायला लावल्या, कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. ताईंनी पुसल्या, जरा तोंड वाकडं करून. तुम्हीही लावा.

पेनड्राइव्ह तर नेऊच नका. माझ्या पेनड्राइव्हमधल्या मुलीच्या दहावीच्या नोट्स तिथून आल्यावर सगळ्या शॉर्टकट होऊन बसल्या. ते प्रकरण घरी अजून मिटलेलं नाही. ईमेल करा, तिथं उघडा, आणि निघताना लॉगआउट झालंय का ते स्वतः बघा. लाइट गेली तर इन्व्हर्टर फक्त कॉम्प्युटरला आहे, झेरॉक्सला नाही. शेवटच्या तीन दिवसांत गेलात तर सकाळी साडेनऊला जा. अकरानंतर रांग रसवंतीपर्यंत येते आणि रसवंतीवाला वैतागतो. रविवारी बंद.

दीड महिन्यानं आरआरसीचं, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीचं, बोलावणं आलं. समितीसमोर दहा मिनिटं. शीर्षक मी 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कष्टकरी स्त्रियांची फडावरील गाणी' असं नेलं होतं. घरची गाणी आणि फडातली गाणी ही विभागणी कुणाची, असं एका सरांनी विचारलं. शेजारच्या काकूंची, म्हटलं. सरांनी ते लिहून घेतलं. मुदत सहा वर्षं, बायकांना दोन वर्षं वाढीव मिळू शकतात, हेही तिथंच सांगितलं गेलं. मनात मुलीची बारावी आणि पदवी मोजून टाकली.

महिन्याभरात पत्र आलं : शीर्षकात किरकोळ दुरुस्तीच्या अटीवर मान्यता. दुरुस्ती काय, तर शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास' जोडावं.

पुन्हा एसटी, पुन्हा दोन पायऱ्या. ताईंनी पत्र वाचलं, शीर्षकाच्या शेवटी स्वल्पविराम दिला आणि ते तीन शब्द टाइप केले.

"आज चौथा," म्हणाल्या. दहा रुपये घेतले.