कीतोत पहिला मुक्काम कुठे: जुनं शहर की ला मारिस्काल?

इक्वाडोरचं तिकीट काढलेल्या बहुतेकांना हा प्रश्न पडतो. सॅक पाठीवर टाकून फिरणाऱ्याला परवडतील अशा खोल्या कीतोत (नकाशात आपण ज्याला क्विटो म्हणतो) मुख्यतः दोन भागांत मिळतात. एक सेंत्रो इस्तोरिको, म्हणजे जुनं शहर, आणि दुसरं त्याच्या उत्तरेचं ला मारिस्काल. मी दोन्हीकडे राहिलोय, आधी मारिस्कालमध्ये तीन रात्री, मग जुन्या शहरात पाच. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण तुमचा प्रवास वेगळा असेल तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकतो.

मारिस्कालची बाजू आधी, कारण ती सोपी आहे. रस्ते बऱ्यापैकी सपाट, चौकोनी आखणीचे, पत्ता शोधायला त्रास नाही. धोबी, एटीएम, कोतोपाक्सी ज्वालामुखीला नेणाऱ्या सहल कंपन्या, स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा, सगळं चालत दहा मिनिटांत. हातमागाचे पोंचो आणि शालींची बाजारपेठही तिथेच. दोन आठवडे राहून स्पॅनिश शिकायचं असेल, तर मी स्वतःसुद्धा कदाचित मारिस्कालच निवडेन. चार मित्र मिळून जात असाल आणि संध्याकाळी गजबज हवी असेल, तरीही.

जुन्या शहराकडे डोळ्यांसाठी जे आहे ते वेगळं सांगायला नको. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यात हे शहर होतं. ला कोम्पान्यिया चर्च बांधायला १६०५ ते १७६५ अशी एकशे साठ वर्षं लागली, आणि आत शिरल्यावर भिंती, खांब, छत सगळीकडे सोन्याचा वर्ख. पण मला त्याहून जास्त आवडलं ते बासिलिका नावाचं दुसरं मोठं चर्च. युरोपात चर्चच्या पन्हाळींवर राक्षसांची तोंडं असतात. इथे त्या जागी इक्वाडोरचेच प्राणी आहेत, इग्वाना, कासवं, आर्मडिलो. ही इमारत ज्या दिवशी पूर्ण होईल त्या दिवशी जग बुडेल, असं तिथले लोक सांगतात, त्यामुळे तिचं काहीतरी काम कायम बाकी असतं म्हणे. मनोऱ्याच्या शेवटच्या शिड्या अगदी उभ्या आहेत. गुडघे साथ देत असतील तरच वर जा.

पण पाहायचं ते सगळं मारिस्कालमध्ये राहूनही पाहता येतं, त्यामुळे निर्णय तिथे होत नाही. माझ्यासाठी तो झाला झोपेवर.

कीतो २८५० मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साधारण १२०० मीटर जास्त. विमानतळ त्यामानाने खाली, खोऱ्यात, २४०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे उतरल्याबरोबर काही जाणवत नाही; टॅक्सी वळणं घेत वर चढते तेव्हा डोकं जड व्हायला लागतं. त्यात भारताशी वेळेचा फरक साडेदहा तासांचा. मुंबईहून ॲमस्टरडॅम किंवा माद्रिदमार्गे पोहोचेपर्यंत शरीराच्या लेखी दिवसाची रात्र झालेली असते. अशा वेळी रात्री अकराला अंथरुणावर पडलात, तर उंचीमुळे श्वास उथळ होतो, मध्येच अडल्यासारखा होतो, आणि दचकून जाग येते. हे दोन-तीन रात्री चालतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मात्र जाग आल्यावर पुन्हा झोप लागायला शांतता लागते.

मारिस्कालमध्ये ती मला मिळाली नाही. खोली रस्त्याच्या बाजूची, दुसऱ्या मजल्यावर. गुरुवारी रात्री समोरच्या बारमधलं रेगेतोन संगीत साडेनऊला सुरू झालं. शुक्रवारी ते दोन वाजून गेले तरी थांबलं नव्हतं. आवाज मोठा होता म्हणून नव्हे, ठेका छातीत जाणवत होता म्हणून झोप येईना. आधीच श्वास तुटक, आणि वर तो ठेका. कानात बोळे घातले तर स्वतःच्या नाडीचे ठोके ऐकू यायचे. शनिवारी सकाळी टेलेफेरिकोने, म्हणजे केबल कारने, क्रूस लोमा या ठिकाणी, जवळपास ४००० मीटरवर जायचं ठरवलं होतं. अशा दोन रात्रींनंतर तिथे जाणं मला धोक्याचं वाटलं आणि बेत सोडून दिला. तीन दिवसांतला एक पूर्ण दिवस मी खोलीत गरम पाणी पीत काढला. त्या हॉस्टेलच्या लोकांना दोष देत नाही. त्यांनी खोली बदलून द्यायची तयारी दाखवली होती, पण मागच्या बाजूची एकही रिकामी नव्हती.

रविवारी जुन्या शहरात आलो आणि त्या रात्री सात तास झोपलो. शरीराला उंचीची सवय होत आली होती हेही त्यामागचं कारण असणार, हे मान्य. पण घराचाही वाटा मोठा होता. तिथली स्पॅनिश काळातली घरं आपल्या वाड्यांसारखी आहेत: रस्त्याकडे जाड मातीच्या विटांची भिंत, मोठा दरवाजा, आत फरसबंदी चौक, चौकाभोवती वरखाली लाकडी सज्जा, आणि खोल्यांची दारं चौकाकडे उघडणारी. नारायण पेठेत किंवा वाईत आजोळ असलेल्या माणसाला आत पाऊल टाकताच ओळख पटेल. रस्त्यावरचा आवाज त्या भिंतीतून येतच नाही. बदल्यात खोली अंधारी आणि गार असते, कित्येक खोल्यांना बाहेरची खिडकीसुद्धा नसते. दोन घोंगड्या मागून घ्याव्या लागतात. पहाटे चर्चच्या घंटा वाजतात, पण तोवर तुम्ही उठलेलेच असता.

जुन्या शहराविरुद्ध लोक सांगतात ते मुख्यतः हे, की रात्री आठनंतर तिथे काहीच नसतं. हे खरं आहे. विषुववृत्तापासून इतक्या जवळ असल्यामुळे बाराही महिने साडेसहाला अंधार पडतो, दुकानांची शटर्स खाली येतात आणि दिवसा जिथे धक्के खात चालत होतो तो रस्ता निर्मनुष्य होतो. पहिल्या संध्याकाळी ते जरा दडपण आणणारं वाटतं. मला मात्र पहिल्या दिवसांत त्याचा उपयोगच झाला: सातला जेवून नऊला अंथरुणात, कारण जायला दुसरी जागा नाही. शुक्रवार-शनिवारी ला रोंदा नावाची अरुंद गल्ली जागी असते; तिथे दालचिनी आणि नारांहिया या आंबट फळाच्या रसातला, दारू घातलेला गरम कानेलासो मिळतो. उंचीवर पहिले दोन दिवस दारू टाळलेली बरी. बिनदारूचा मागितला तर तोही देतात.

सुरक्षिततेबद्दल मला विचाराल तर दोन्हीकडे काळजी सारखीच घ्यावी लागते. फोन हातात घेऊन चालायचं नाही, अंधार पडल्यावर चार चौक जायचे असले तरी टॅक्सी, आणि पानेसियो टेकडीवरच्या पंखवाल्या मेरीच्या पुतळ्याकडे पायी चढायचं नाही, कोणत्याही वेळी. फरक एवढाच जाणवला, की जुनं शहर रिकामं होतं तेव्हा बाहेर पडायचा मोहच होत नाही. मारिस्कालमध्ये दिवे असतात, माणसं असतात, आणि एका कोपऱ्यावरून वळलं की अचानक काहीच नसतं.

पूर्वी मारिस्कालच्या बाजूने आणखी एक भक्कम मुद्दा होता, तो म्हणजे वाहतूक. जुन्या शहरातून उत्तरेला जायचं तर खच्चून भरलेल्या ट्रोलेबसमध्ये सॅक छातीशी धरून उभं राहावं लागे. डिसेंबर २०२३ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून तो मुद्दा जवळजवळ संपला. सान फ्रान्सिस्को चौकात स्टेशन आहे, तिथून दुसरं स्टेशन एल एहिदो, म्हणजे मारिस्कालचा उंबरठा. भाडं ४५ सेंट. तेव्हा राहायचं जुन्या शहरात, आणि धुण्याचे कपडे, सहलीची चौकशी वगैरे कामं मारिस्कालमध्ये उरकायची, हे सहज जमतं. उलटही जमेल, पण मग झोपायचं मारिस्कालमध्ये.

खाण्यात फारसा फरक नाही. उलट दुपारचं जेवण जुन्या शहरात मला जास्त घरगुती वाटलं. आल्मुएर्सो म्हणजे सूप, भात आणि त्याबरोबरचा पदार्थ, ग्लासभर फळाचा रस, हे सगळं तीन डॉलरच्या आसपास. शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हणून थांबू नका. तिथे कार्ने म्हणजे बहुधा गाईचं मांस. मी तसं म्हटल्यावर मावशींनी आनंदाने चिकनचं सूप आणून दिलं. चिकन नको, मासे नको, असं एकेक नाव घेऊन सांगायचं. बटाटा-चीजचं घट्ट सूप लोक्रो, वर अ‍ॅव्होकॅडोच्या फोडी, आणि बटाट्याची चीज भरलेली टिक्की यापिंगाचो, यांवर माझे पाच दिवस छान गेले. देशाचं चलन २००० सालापासून अमेरिकन डॉलर आहे, पण वीसच्या नोटेचे सुटे जुन्या शहरातल्या छोट्या खानावळीत मिळत नाहीत. विमानतळावरच एक आणि पाचच्या नोटा करून घ्या.

चढ मात्र आहेत, आणि ते त्रास देतात. सान फ्रान्सिस्को चौकापासून माझं घर तीन चौक वर होतं. भरलेली सॅक घेऊन ते अंतर चढताना मी दोनदा थांबलो. वय जास्त असेल किंवा गुडघे दुखत असतील, तर मारिस्कालच्या पूर्वेला ला फ्लोरेस्ता आहे, शांत आणि कमी चढाची, फक्त थोडी महाग. तिथे मी राहिलेलो नाही, दोनदा कॉफी प्यायला गेलो एवढंच.

माझ्या जागी तुम्ही असाल, म्हणजे एकटे, भारतातून थेट आलेले, आणि पुढे अँडीजमध्ये आणखी वर चढणारे, तर पहिल्या तीन रात्री जुन्या शहरात काढा असं मी म्हणेन. बुक करताना खोली घराच्या आतल्या चौकाकडे उघडते की रस्त्याकडे, ते आधी लिहून विचारा. चौकाकडची असेल तर वरच्या मजल्यावरची मागा. खालच्या खोल्यांना ओल असते. सान फ्रान्सिस्कोपासून खालच्या अंगाला मिळाली तर सॅकचा चढही वाचेल.