‘प्राग ३ रात्री ४ दिवस’: पैसे भरण्याआधी काय तपासाल

सोलापुरात उन्हाळी सुटीच्या टूरच्या जाहिराती लागल्या की युरोपच्या मोठ्या सहलींशेजारी आता ‘प्राग ३ रात्री ४ दिवस’ हेही दिसतं. चेक प्रजासत्ताकाच्या या राजधानीबद्दल आधीच सांगून टाकू: इतकं जुनं आणि इतकं धड राहिलेलं शहर क्वचित बघायला मिळतं, जरूर जावं. अडतं ते पॅकेजमध्ये. मुंबईहून प्रागला थेट विमान नाही. दुबई किंवा दोहामार्गे पोचेपर्यंत पहिल्या दिवसाची दुपार उलटते आणि चौथ्या दिवशी नाश्ता झाला की बॅगा उचलायच्या. म्हणजे पैसे चार दिवसांचे, हातात दिवस दोन. त्या दोन सकाळी तुमच्या ताब्यात राहतात की नाही, यावरच पॅकेज चांगलं की वाईट ते ठरतं.

छापील कार्यक्रमात तीन शब्दांवर बोट ठेवून विचारा. ‘पॅनोरमिक टूर’ म्हणजे बसच्या काचेतून दर्शन. जुन्या शहराच्या गल्ल्यांत मोठी बस शिरतच नाही. ‘किल्ला दर्शन’ लिहिलंय, तर आतल्या इमारतींचं तिकीट धरलंय का? किल्ल्याच्या अंगणात फिरायला मुळात पैसे पडत नाहीत, म्हणजे तिकीट नसेल तर तुम्ही फुकटच्या गोष्टीचे पैसे भरताय. आणि ‘सिटी हॉटेल’ कुठल्या मेट्रो स्टेशनजवळ आहे? स्टेशनचं नाव सांगता आलं नाही, तर हॉटेल शहराबाहेर हमरस्त्यावर आहे असं समजा. अशा ठिकाणी सगळ्यांचा नाश्ता आटपून बस निघेपर्यंत नऊ वाजतात, आणि प्रागमधली सगळ्यात मोलाची वेळ तोवर संपलेली असते. संध्याकाळी सहालाच भारतीय जेवण ठेवलं असेल, तर तेही बदलून मागा. मे महिन्यात तिथं रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो.

ही मोलाची वेळ म्हणजे पहाट. चार्ल्स पुलाचं काम १३५७ साली सुरू झालं. लांबी ५१६ मीटर, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० मूर्तिसमूह. मे महिन्यात पहाटे साडेपाचला लख्ख उजाडलेलं असतं, ऊन मागून येऊन समोरच्या किल्ल्यावर पडतं आणि पुलावर चार माणसं असतात. दहा वाजता तिथंच खांद्याला खांदा लागतो. सोलापूर बेचाळीस अंशांवर असताना तिथं सकाळी आठ-दहा अंश असू शकतात, तेव्हा स्वेटर हाताशी ठेवा. रस्ते दगडी फरसाचे आहेत. चपला आणि पातळ तळव्याचे बूट दुपारपर्यंत पाय भरून आणतात, आणि बॅगेची छोटी चाकं दगडांच्या फटींत अडकून निखळतात.

दुसरी सकाळ किल्ल्याची. खालून चढून दमू नका. २२ नंबरच्या ट्रामनं ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर उतरलं की पुढचा रस्ता जवळपास सपाट आहे. परत येताना जुन्या पायऱ्यांनी मालोस्त्रान्स्का मेट्रोपर्यंत उतरायचं. आवार सकाळी सहाला उघडतं, इमारती नऊला. दाराशी बॅगा तपासू शकतात, म्हणून मोठी सॅक नको. आधी सेंट व्हिटस कॅथेड्रल करा, कारण सगळ्यात लांब रांग तिथंच लागते. १३४४ ला सुरू झालेलं हे बांधकाम १९२९ ला पुरं झालं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारपर्यंत आत सोडत नाहीत. कार्यक्रमात किल्ला रविवारी सकाळी असेल तर दिवस बदलायला लावा. ज्यू वस्तीतली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, शनिवारी बंद असतात.

जुन्या चौकातल्या १४१० सालच्या खगोलीय घड्याळापाशी मात्र टूरवाले हमखास घाई करतात. सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभराचा खेळ, की गर्दी पांगते. खरी मजा त्यानंतर, शांतपणे तबकडी बघण्यात आहे. दाते पंचांग जिथून निघतं त्या गावच्या माणसाला तर ती वाचता यायलाच हवी. सूर्याचा आणि चंद्राचा काटा राशिचक्रावरून फिरतो, चंद्राचा अर्धा काळा अर्धा चंदेरी गोळा स्वतःभोवती वळून कला दाखवतो. सगळ्यात बाहेरच्या कड्यावरचे आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात, म्हणून ते कडं वर्षभर थोडं थोडं सरकत राहतं. आतल्या वक्र रेषा सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा भाग करतात. उन्हाळ्यात हे तास लांबतात, हिवाळ्यात आखडतात. राशी आपल्या पंचांगाशी जुळणार नाहीत, कारण घड्याळ सायन आहे, म्हणजे राशी वसंत संपातापासून मोजतं; आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजणारं. त्याचा सूर्य मार्चच्या २०-२१ ला मेषेत जातो, आपला निरयन सूर्य एप्रिलच्या १३-१४ ला. एवढं समजून पाहिलं तर अर्धा तास कमी पडतो.

फिरायला मेट्रो, ट्राम, बस सगळ्यांत चालणारा ७२ तासांचा पास घ्या. विमानतळावरून ५९ नंबरची ट्रॉलीबस मेट्रोच्या हिरव्या लाइनला जोडून देते. कागदी तिकिटावर पहिल्या प्रवासाच्या सुरुवातीला पिवळ्या यंत्रात शिक्का मारायचा, आणि एकदाच. पास खिशात असूनही शिक्का नसला की दंड होतो, आणि तपासनीस साध्या कपड्यात असतात.

चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी चलन कोरुना आहे. मनी चेंजरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेकदा त्यांचा विक्रीचा दर; तुम्हाला मिळणारा दर खाली बारीक असतो. हातात किती कोरुना पडणार ते आधी विचारा. फसल्याचं लक्षात आलं, तर पावती दाखवून तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, तसा कायदा आहे. रस्त्यात कुणी नोटा बदलून देतो म्हणालं तर थांबूच नका. एटीएमनं ‘रुपयांत की कोरुनात’ विचारलं तर कोरुना निवडा.

शाकाहारी लोकांसाठी ‘व्हेज’ हा शब्द पुरत नाही. तळलेल्या चीजला अंड्याचं आवरण असतं, बटाट्याच्या धिरड्यात बहुधा अंडं असतं, सूपचं पाणी हाडांचं असू शकतं. ‘बेझ मासा, बेझ वायेत्स’ म्हणजे मांस नको, अंडं नको, हे कागदावर लिहून ठेवा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या. तूप, पेढे, पनीर, मटणाचं लोणचं मात्र घरीच ठेवा. बाहेरच्या देशांतून दूध-मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पॅकेजच्या किमतीत दोन्ही धरलंय का ते लेखी घ्या. आणि मुंबईच्या रेल्वेचं तिकीट काढण्याआधी विमानाच्या तिकिटावरची तारीख पुन्हा वाचा. आखातमार्गे जाणारी बरीच विमानं पहाटे सुटतात. १२ तारखेचं पहाटे चारचं विमान असेल तर ११ च्या रात्री विमानतळावर असायला हवं, म्हणजे सोलापुरातून सिद्धेश्वर एक्स्प्रेस १० च्या रात्रीची. ११ च्या रात्री त्याच गाडीत बसणारा १२ च्या सकाळी दादरला उतरतो, तेव्हा विमान केव्हाच गेलेलं असतं.