आठ महिने रील टाकल्यावर: आमच्या सावजी भोजनालयाचा अनुभव

नागपुरात सक्करदऱ्याजवळ आमचं सहा टेबलांचं सावजी. स्वयंपाक बाबांचा, गल्ला आईचा, मोबाइल माझा. आखाडात पहिली रील टाकली तेव्हा बाबा म्हणाले, "पाहून पोट भरते काय वो लोकायचं?"

त्या रीलला मी झकपक गाणं आणि फिल्टर लावला होता. तर्री इतकी लालभडक दिसली की कमेंटमध्ये "रंग टाकता का?" असं विचारलं. चालली ती चौथी रील. गाणं नाही, चेहरा नाही. जवसाच्या तेलात मसाला पडतानाचा चर्र आवाज, मग भाकरीवर रस्सा. एकूण १४ सेकंद. श्रावणात मटण थंडावलं तेव्हा पाटोडी रस्सा असाच दाखवला आणि दुपारची टेबलं भरली.

बूस्टमध्ये, म्हणजे पैसे भरून रील जास्त लोकांना दाखवण्यात, मात्र मी दोन हजार रुपये घालवले. भाग निवडताना अख्खा महाराष्ट्र ठेवला, ही माझीच चूक. व्ह्यूज भरपूर, पण खाली प्रश्न काय, तर "पुण्यात शाखा आहे का?" पुढच्या वेळी दुकानाभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ घातलं. आकडा लहान आला, माणसं मात्र आली. हे कळलं आईमुळे. नवीन गिऱ्हाईक दिसलं की ती विचारते, "कुठून कळलं बाप्पा?" आणि वहीत रेघ मारते. माझा त्या वहीवर इन्साइट्सपेक्षा, म्हणजे ॲप दाखवतं त्या आकड्यांपेक्षा, जास्त विश्वास आहे.

एका फूड ब्लॉगरलाही पैसे देऊन बोलावलं. पैसे घेतल्यावर व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहावं, असं भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यानं लिहिलं नाही, मीही आग्रह धरला नाही. रविवारी अशी गर्दी उसळली की साडेआठला मटण संपलं. रोजचे कोष्टीपुऱ्यातले काका दारातूनच परत गेले, तीन आठवडे फिरकले नाहीत. नवीन आलेल्यांपैकी परत किती आले? वहीत चार रेघा. पुन्हा बोलावणार नाही.

आठवड्याला दोन रील, लोकेशन, बंदचा वार, एवढं चालू ठेवणार. फक्त भाव आता व्हिडिओत लिहीत नाही, खालच्या मजकुरात लिहिते. मजकूर नंतर बदलता येतो, व्हिडिओवरचं अक्षर नाही. आखाडातली रील अजून फिरते आहे, आणि लोक मोबाइल पुढे करून आईशी जुन्या भावासाठी भांडतात.